मास्तर गेले, आता दुकान कसं चालणार?



पुण्यात एफसी रोडवर नाहीतर मुंबईत फॅशन स्ट्रीटला फिरलात, तर टी-शर्टच्या स्टॉलवर एक काळा टी-शर्ट हमखास लटकलेला दिसेल. मधोमध त्रिकोण, डावीकडून त्यात शिरणारी पांढरी रेघ आणि उजवीकडून बाहेर पडणारा रंगांचा पट्टा. विकणाऱ्याला नाव विचारलं तर 'तो त्रिकोणवाला' एवढंच सांगेल. हे एका अल्बमचं कव्हर आहे. इंग्लंडचा पिंक फ्लॉइड हा बँड, अल्बम 'द डार्क साइड ऑफ द मून', साल १९७३.

पन्नास वर्षांनीसुद्धा ज्या मालाचं नुसतं वेष्टन खपतं, त्या मालामागची मंडळी आपण दुकानदारांनी बघून ठेवायला हवीत. पण आज मला त्या यशाबद्दल बोलायचं नाही. मला त्याच्या पाच वर्षं आधीचं, १९६८ सालचं सांगायचंय. तेव्हा त्यांचा मुख्य कारागीर हातातून निसटत होता आणि दुसरा अल्बम अर्धवट पडला होता.

हे आत्ता आठवायचं कारण सांगते. गेल्या महिन्यात एका बॅचमध्ये फरसाणवाल्या काकांनी विचारलं, "ताई, माझा आचारी उद्या गेला तर माझं दुकानच गेलं. काय करू?" मी नेहमीचं उत्तर दिलं. पद्धत लिहून ठेवा, दुसरा माणूस तयार करा, एकावर अवलंबून राहू नका. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. घरी येताना मात्र मलाच कसंतरी झालं. कारण माझ्या स्वतःच्या दुकानात हा प्रसंग आला होता आणि मी तो वाईट हाताळला होता. ते शेवटी सांगते. आधी लंडनला जाऊ.

एकाच्या हातावर चाललेलं दुकान

बीबीएला असताना माझी रूममेट रात्री हेडफोन काढून मला जबरदस्तीने हा बँड ऐकवायची. पहिल्यांदा मला वाटलं, टेप खराब आहे. सूर ताणलेले, आवाज लांबून आल्यासारखे, मध्येच पक्षी, मध्येच घड्याळं. याला सायकेडेलिक रॉक म्हणतात. म्हणजे मनाला भोवळ यावी, नेहमीच्या गोष्टी वेगळ्याच दिसाव्यात, असं संगीत. १९६६-६७ मध्ये लंडनला याची लाट होती. यूएफओ नावाच्या क्लबात भिंतींवर रंगीत प्रकाशाचे ओघळ सोडायचे आणि त्यात हा बँड वाजवायचा.

माणसं चार. रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट हे तिघे लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चर शिकायला आलेले. चौथा सिड बॅरेट, केंब्रिजचा, चित्रकलेचा विद्यार्थी. बँडचं नावसुद्धा त्यानेच दिलेलं. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांच्या नावांचे तुकडे त्याने जोडले.

गाणी सिडची, मुख्य आवाज सिडचा, गिटार सिडची. १९६७ मध्ये त्यांच्या दोन सिंगल रेकॉर्ड चालल्या. 'अर्नोल्ड लेन' ब्रिटनच्या यादीत २० व्या नंबरपर्यंत गेली आणि 'सी एमिली प्ले' ६ व्या. दोन्ही सिडच्या. त्याच ऑगस्टमध्ये पहिला अल्बम आला, 'द पायपर अॅट द गेट्स ऑफ डॉन'. तोही ६ व्या नंबरला. त्यातली ११ पैकी ८ गाणी एकट्या सिडची.

आता जरा हिशेबाच्या नजरेने बघा. चार माणसांची टीम आणि माल जवळजवळ सगळा एकाच्या हातचा. आपल्यातल्या किती जणांचं दुकान असंच आहे? गिऱ्हाईक पाटी वाचून येत नाही, 'त्यांच्या हातचं' म्हणून येतं.

आणि मग हात थांबला

पहिला अल्बम आला त्याच वर्षाच्या शेवटी सिड बिघडत गेला. एलएसडी हे नशेचं द्रव्य तो भरपूर घेत होता. मनाचा आजार होता का, नशेने झालं का, यावर आजही एकमत नाही. स्टेजवर तो कधी गिटार हातात धरून नुसता उभा राहायचा. अमेरिकेचा दौरा अर्धवट टाकून परत यावं लागलं. नोव्हेंबरात त्याचीच 'अॅपल्स अँड ऑरेंजेस' ही सिंगल आली, ती यादीत लागलीच नाही.

बाकीचे तिघे तेव्हा विशी-पंचविशीतले. आजारी मित्राशी कसं वागायचं आणि चालू धंदा कसा सांभाळायचा, दोन्ही त्यांना शिकवायला कुणी नव्हतं.

त्यांनी आधी जो मार्ग काढला तो मला आवडतो. सिडला काढायचं नाही, पाचवा माणूस घ्यायचा. स्टेजवर हा पाचवा गिटार सांभाळेल, सिड घरी बसून गाणी लिहील. अमेरिकेत बीच बॉइज बँडचा ब्रायन विल्सन असंच करायचा, दौऱ्यावर न जाता घरी राहून गाणी करायचा. म्हणून डेव्हिड गिल्मोरला बोलावलं. तोही केंब्रिजचा, सिडचा जुना मित्र. दोघं एकत्र गिटार घेऊन बसलेले. म्हणजे मित्राची जागा भरायला मित्रच आणला.

जानेवारी १९६८ मध्ये या पाच जणांचे मोजकेच कार्यक्रम झाले. पण सिडकडून काम होईना. एका तालमीत त्याने एक नवं गाणं शिकवायला घेतलं आणि दर वेळी त्याची चाल बदलत राहिला. बाकीच्यांना ते शेवटपर्यंत धरता आलं नाही. मग जानेवारीच्या अखेरीस एका दुपारी साउथॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना गाडीत विषय निघाला, सिडला घ्यायला जायचं का? आणि गाडी त्याच्याकडे वळलीच नाही.

त्या दिवशी भांडण नाही, बैठक नाही, पत्र नाही. सिड बँडमध्ये नाही हे जाहीर व्हायला एप्रिल उजाडला. मधले दोन-अडीच महिने त्याला स्वतःला काय वाटत असेल?

मॅनेजरांनी कुणाची बाजू घेतली?

बँडचे दोन मॅनेजर होते, पीटर जेनर आणि अँड्र्यू किंग. चार कलाकार आणि हे दोघे, अशी सहा जणांची भागीदारी होती. ब्लॅकहिल एंटरप्रायझेस तिचं नाव. सिड जाणार म्हटल्यावर मॅनेजरांपुढे प्रश्न आला, आपण कुणाबरोबर जायचं?

ते सिडबरोबर गेले.

आज आपण हसू. पण मी त्या खुर्चीत असते तर मीही तेच केलं असतं. ११ पैकी ८ गाणी त्याची, चाललेल्या दोन्ही सिंगल त्याच्या. समोर दिसणारा प्रत्येक आकडा सिडचं नाव सांगत होता. उरलेल्या चौघांकडे दाखवायला काही नव्हतं. आकडे आत्तापर्यंत काय झालं ते सांगतात. उरलेली माणसं रिकाम्या जागेत काय करतील, हे आकड्यांत आधी दिसत नाही.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवा. भागीदारी तुटली तरी त्यांनी तोंडं फिरवली नाहीत. २९ जून १९६८ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये पहिला मोफत रॉक कार्यक्रम झाला. तो भरवला याच ब्लॅकहिलने आणि त्यात वाजवलं पिंक फ्लॉइडने. तीन महिन्यांपूर्वी ज्यांचा हिशेब वेगळा झाला, ते एकाच मैदानावर. आपल्याकडे भागीदार वेगळे झाले की लग्नाला जाणंही बंद होतं!

पाच जणांचा अल्बम

त्याच सुमारास दुसरा अल्बम बाजारात आला, 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स'. पाचही जण ज्यात आहेत असा हा त्यांचा एकच अल्बम. एक माणूस जाताना आणि दुसरा येताना, दारात दोघं एकमेकांना ओलांडतात ना, तसा आहे तो. 'सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन' या गाण्यात सिड आणि आपण दोघांचेही तुकडे आहेत, असं गिल्मोरने सांगितलं आहे.

सात गाणी. त्यात सिडने लिहिलेलं एकच, 'जगबँड ब्लूज', आणि ते सगळ्यात शेवटी ठेवलंय. मध्येच सॅल्व्हेशन आर्मीचं बँडपथक वाजायला लागतं. शेवटी एकटा सिड उरतो. गाण्याचे शब्द इथे देत नाही, तुम्हीच ऐका. आपण इथे आहोत की नाही याची खात्री नसलेला माणूस बोलतोय, असं वाटतं.

उरलेल्यांनी आधी सिडसारखंच करून बघितलं. एप्रिलमध्ये राइटने लिहिलेली एक सिंगल काढली, 'इट वुड बी सो नाइस'. छोटी, गोड, सिडच्या वळणाची. पडली. डिसेंबरात आणखी एक, 'पॉइंट मी अॅट द स्काय'. तीही पडली. नवा कारागीर ठेवायचा आणि त्याला जुन्याची नक्कल करायला लावायची, हा आपला सगळ्यांचा पहिला उपाय असतो. गिऱ्हाईक एक घास खातं आणि म्हणतं, 'पहिल्यासारखं नाही.'

पण अल्बमच्या नावाचंच जे गाणं आहे, तिथे वेगळं घडलं. साधारण १२ मिनिटांचं आहे ते, शेवटचा आ-कार सोडला तर शब्दच नाहीत. ते बसवताना वॉटर्स आणि मेसन कागद घेऊन बसले आणि त्यावर उंचवटे-खळगे काढत गेले. इथे आवाज चढेल, इथे कोसळेल, इथे शांत होईल. इमारतीचा नकाशा काढावा तसा गाण्याचा नकाशा. सिडसारखं गाणं त्यांना सुचत नव्हतं, पण आराखडा काढता येत होता, कारण आर्किटेक्चर शिकलेली पोरं ती! हे कौशल्य पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे होतं. सिड होता तोवर त्याची गरज पडली नव्हती.

निर्माता नॉर्मन स्मिथ, आधी बीटल्सचा साउंड इंजिनिअर राहिलेला, त्याला हा प्रकार फारसा रुचला नाही. पण पोरांनी तो अल्बमात ठेवला, पुढे वर्षानुवर्षं स्टेजवर वाजवला, आणि तीच त्यांची वाट झाली. लांब, सावकाश उलगडणारे, आखून बांधलेले तुकडे. तिथून चालत गेलं की 'डार्क साइड' लागतो.

अल्बम ब्रिटनमध्ये ९ व्या नंबरला गेला. पहिल्यापेक्षा तीन पायऱ्या खाली. नापास म्हणायचं का? मुख्य कारागीर जाऊनही दुकान उघडं राहिलं आणि नव्या मालाला गिऱ्हाईक मिळालं. मी तर पास म्हणेन.

कव्हरचंही सांगते. ते केलं स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल या मित्रांनी, हिपग्नोसिस या नावाने. या बँडसाठी त्यांचं ते पहिलंच काम. पाच वर्षांनी तो त्रिकोणवाला टी-शर्ट आला, तो याच मंडळींकडून.

बंद केलेला माल

दोन सिंगल पडल्यावर त्यांनी ब्रिटनमध्ये सिंगल काढणंच बंद केलं. जवळजवळ ११ वर्षं. थेट नोव्हेंबर १९७९ मध्ये 'अनदर ब्रिक इन द वॉल' काढली आणि ती १ नंबरला गेली.

मला वाटतं, यातलं सगळ्यात अवघड काम हेच. मास्तरांच्या नावावर चालणारा माल मास्तर गेल्यावर शेल्फवरून काढून ठेवायचा. गिऱ्हाईक विचारत राहतं, आपला जीव तुटतो. पण निम्म्या दर्जाने तोच माल विकत राहिलो, तर नव्या मालावरचाही विश्वास जातो.

गेलेल्या माणसाचं काय?

आता ही गोष्ट फार गोड वाटायला नको, म्हणून पुढचंही सांगते. माणसं सांभाळण्यात हा बँड काही आदर्श नव्हता. 'द वॉल' अल्बमच्या वेळी, १९७९ मध्ये, त्यांनी राइटला काढलं आणि दौऱ्यावर पगारी वादक म्हणून घेतलं. गंमत बघा, तो दौरा तोट्यात गेला. तोटा मालकांच्या अंगावर पडला, आणि पगार ठरलेला असल्यामुळे पैसे कमावून घरी गेला तो एकटा राइट! पुढे १९८५ मध्ये वॉटर्स बाहेर पडला आणि पिंक फ्लॉइड हे नाव कुणाचं यावरून कोर्टकचेरी झाली. १९८७ च्या डिसेंबरात तडजोड झाली, नाव गिल्मोर आणि मेसनकडे राहिलं. दुकानाच्या पाटीचा मालक कोण, हे पाटी लावतानाच कागदावर लिहा म्हणून मी घसा कोरडा करते, ते यासाठीच.

पण सिडच्या बाबतीत एक धागा सुटला नाही. १९७० मध्ये त्याचे दोन एकट्याचे अल्बम आले. ते पूर्ण व्हावेत म्हणून स्टुडिओत त्याच्यासोबत बसले कोण? पहिल्याला गिल्मोर आणि वॉटर्स, दुसऱ्याला गिल्मोर आणि राइट. म्हणजे ज्याला गाडीत घेतलं नव्हतं, त्याच्या कामासाठी तेच लोक वेळ काढून आले. आणि २००१ मध्ये बँडच्या निवडक गाण्यांचा 'एकोज' हा संच निघाला, त्यात सिडची पाच गाणी घातली. सिड तेव्हा केंब्रिजला शांतपणे राहत होता, चित्रं काढत होता, बागेत रमत होता. संचातल्या गाण्यांची रॉयल्टी लेखकाला मिळते, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक प्रसंग. ५ जून १९७५. अॅबी रोड स्टुडिओत 'विश यू वेअर हिअर' अल्बमचं काम चालू होतं. त्यातलं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' हे लांबलचक गाणं सिडला आठवूनच केलेलं. त्या दिवशी एक जाडजूड माणूस स्टुडिओत आला. डोकं भादरलेलं, भुवयासुद्धा काढलेल्या. कुणी ओळखलंच नाही. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, हा सिड आहे. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. सिड २००६ मध्ये गेला, साठाव्या वर्षी.

माझे मास्तर

आमचं मॅचिंग सेंटर आणि ब्लाऊज शिलाईचं दुकान आहे. मी हातात घेतलं तेव्हा सासऱ्यांच्या वेळचे कटिंग मास्तर होते. मापवही नावापुरती. बाई दारातून आत आली की मास्तर नजरेनेच माप घ्यायचे. बायका आमच्याकडे यायच्या त्या मास्तरांकडे.

मग त्यांची नजर कमी व्हायला लागली. ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. ब्लाऊज परत यायला लागले. बाही घट्ट, गळा उतरलेला. एका आठवड्यात अकरा परत आले, तेव्हा मी घाबरले. दसरा झाला होता, दिवाळीचं काम तोंडावर. मी दुसरा मास्तर ठेवला आणि यांना सांगितलं, "सध्या काम कमी आहे, लागलं की फोन करते."

दिवाळीच्या तोंडावर शिलाईच्या दुकानात काम कमी! तीस वर्षं त्या टेबलापाशी उभा राहिलेला माणूस. त्यांना कळलं नसेल का? ते "बरं" म्हणाले, स्वतःची कात्री कपड्यात गुंडाळली आणि गेले. मी फोन केला नाही.

नवा मास्तर जुन्यासारखं शिवू शकला नाही, ते व्हायचंच होतं. आम्ही कसं सावरलो? प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप कार्डवर घ्यायला लागलो, शिलाईआधी कच्ची ट्रायल सुरू केली, कुर्तीकडे वळलो. व्हिडिओत मी हे सगळं अभिमानाने सांगते. मास्तरांचा भाग सांगत नाही.

त्या बॅचनंतरच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. पाकीट घेऊन गेले होते. मास्तरांनी चहा पाजला, दुकानाची चौकशी केली. काकू आतून बाहेर आल्या नाहीत. मास्तरांनी पाकिटाला हात लावला नाही. एवढंच म्हणाले, "पैशाचं राहू दे गं पोरी. त्या दिवाळीला खरं काय ते सांगायचं होतंस."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे, बघू.

या आठवड्याचा गृहपाठ

वही काढा आणि चार ओळी लिहा.

१. माझ्या दुकानातला कुठला माल एकाच माणसाच्या हातावर आहे? नावासकट लिहा. ते नाव तुमचं स्वतःचंही असू शकतं.

२. तो माणूस नसेल तर उरलेल्यांना खरंच काय येतं? त्याची नक्कल मोजू नका. आपल्या आर्किटेक्ट पोरांसारखं, आत्तापर्यंत न वापरलेलं काय आहे ते शोधा.

३. त्याच्यानंतर कुठला माल बंद करावा लागेल? आजच ठरवा, म्हणजे त्या दिवशी जीव तुटणार नाही.

४. आणि त्याला हे सांगणार कोण, कुठे बसून, कोणत्या शब्दांत? त्याचं देणं किती आणि ते कधीपर्यंत चुकतं करणार?

पहिल्या तीन ओळी दहा मिनिटांत होतील. चौथीला वेळ लागेल. तिथे पेन अडलं, तर अल्बमचं शेवटचं गाणं लावा, 'जगबँड ब्लूज'. तीन मिनिटांचं आहे. ते ऐका आणि मग लिहायला बसा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!